चाकणची लाइन की भोसरीची टूलरूम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २० वर्षं. आयटीआयचा टूल अँड डाय मेकर हा २ वर्षांचा ट्रेड पास, त्यातला प्रेस टूल, जिग आणि फिक्स्चरचा. वडील शेती करतात, घरी दर महिन्याला थोडेफार पैसे पाठवायचे आहेत. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक चाकणची मोठी गाडी कंपनी, तिथे अप्रेंटिस म्हणून असेंब्ली लाइनवर उभं राहायचं. दुसरी भोसरी एमआयडीसीतली १५-१६ माणसांची टूलरूम, म्हणजे डाय आणि मोल्ड बनवणारं वर्कशॉप, तिथे ट्रेनी म्हणून, हातात पैसे कमी. घरचे म्हणतात मोठी कंपनी धर. मित्र म्हणतात हाताचं काम संपलं, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनांच्या, प्रोग्रॅमिंगचा कोर्स कर. आणि शेवटी विचारलंय, "या लाइनला स्कोप आहे का?"

तुझ्या वयाचा माझा पुतण्या आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी २७ वर्षं टूलरूममध्ये आहे. सुरुवात आयटीआय करूनच केली. आधी बेंचवर, मग ग्राइंडिंग, मग डायची जुळणी आणि ट्रायल. आता एका टूलरूमचं सगळं काम बघतो, आणि दरवर्षी चार-पाच नवी मुलं माझ्या हाताखाली येतात. जे लिहितोय ते त्या मुलांकडे बघून आणि माझ्या स्वतःच्या चुकांवरून.

स्कोप आहे का, हा प्रश्न मला नीट लागू पडणारा वाटत नाही. पत्र्याचा, प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग हजारोंनी काढायचा असेल तर त्याच्या आधी कुणीतरी डाय (पत्रा कापायचा किंवा दाबायचा साचा) किंवा मोल्ड (प्लास्टिक वगैरे ओतायचा साचा) बनवावाच लागतो, आणि नंतर तो दुरुस्तही करावा लागतो. पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या तर इंजिनाचे काही भाग कमी होतील हे खरं. पण मोटरच्या आत ज्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यासुद्धा डायमधूनच निघतात. तो पत्रा ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटरचा असतो आणि पंच (वरून पत्र्यात घुसणारा भाग) आणि डायमधली फट एका बाजूला दोन-तीन शतांश मिलिमीटर. असलं काम करू शकणारा माणूस आजही शोधावा लागतो. म्हणजे काम आहे. तुझा खरा प्रश्न असा आहे की पुढची तीन वर्षं तुझे हात आणि डोळे कुठे घडणार. त्याचं उत्तर कंपनीच्या पाटीवर अवलंबून नाही. तुला रोज कुठल्या कामाला उभं करणार, त्यावर आहे.

लाइनवर तू काय करशील? पन्नास-साठ सेकंदांत एक ठरलेलं काम, दिवसभर. त्यात शिस्त शिकायला मिळते, वेळ पाळणं येतं, कॅन्टीन आणि बस असते. मी त्या कामाला कमी लेखत नाही. माझ्या बरोबरीचे दोन मित्र लाइनवरून कायम झाले आणि त्यांनी घरं बांधली. पण वर्ष संपल्यावर तुझ्या ट्रेडचं तुझ्याजवळ काय उरतं? आयटीआयमध्ये दोन वर्षं कानस धरून जो कोपरा काटकोनात आणायला शिकलास, तो हात वर्षभरात बोथट होतो. मुलाखतीला अशी मुलं येतात माझ्याकडे. सर्टिफिकेट टूल अँड डायचं असतं, पण स्लिप गेज, म्हणजे मापाचे अचूक ठोकळे, कसे जोडायचे ते विसरलेली असतात. त्यात त्यांचा दोष नसतो. वर्षभर त्यांना कुणी ते हातातच दिलेलं नसतं.

तरी चाकणला लगेच नाही म्हणू नकोस. आधी दोन गोष्टी विचार. पहिली, ही अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली तुझ्या ट्रेडमध्ये नोंदलेली आहे का? आयटीआय झालेल्याची ती सहसा वर्षभराची असते. शेवटी परीक्षा देऊन अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि रेल्वे किंवा ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या भरतीत ते उपयोगी पडतं. नोंदणी नसेल आणि नुसतं "ट्रेनी" म्हणून घेत असतील, तर तो कागद मिळणार नाही. दुसरी गोष्ट, कंपनीत स्वतःचं प्रेस शॉप आणि डाय मेंटेनन्स विभाग आहे का, आणि तिथे उभं करतील का? हो म्हणाले तर चाकणच घे, मी स्वतः तेच सांगेन. मोठ्या कंपनीच्या डाय मेंटेनन्समध्ये रोज दहा डाय उघडलेल्या दिसतात. कुठली कशाने बिघडली ते समोर दिसतं, आणि बिघडलेली डाय ही नव्या डायपेक्षा जास्त शिकवते. पण फक्त "नंतर बघू" असं म्हणाले, तर ती लाइनच आहे असं समज.

आता घरच्या पैशांचं. हे तुझ्या परिस्थितीवर आहे आणि बाहेरून कुणी ठरवू शकत नाही. घरावर सावकाराचं किंवा बँकेचं कर्ज असेल आणि पुढच्या महिन्याचा हप्ता तुझ्याच पैशांतून जाणार असेल, तर जास्त पैसे देणारी जागा घे. त्याची लाज बाळगू नकोस. टूलरूम वर्षभराने धरता येते, थोडा हात सुटला तरी परत बसतो. पण खोलीचं भाडं आणि मेस भागून घरी थोडे पाठवता येत असतील, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत पगारापेक्षा काम बघ. या धंद्यात पगार अंगातल्या कामाच्या मागून येतो, आणि तीन वर्षांनी त्याला वेग येतो. हे मी माझ्या मुलांच्या पगारपत्रकात दरवर्षी बघतो. फक्त कमी पगार म्हणजे कागद नाहीत असं होऊ देऊ नकोस. छोट्या ठिकाणीसुद्धा पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) आहे का ते पहिल्याच भेटीत विचार. ईएसआयसीचं का, ते पुढे येईल.

मी टूलरूमकडे का झुकतोय ते एका प्रसंगावरून सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक ब्लँकिंग डाय, म्हणजे पत्र्यातून तुकडा (ब्लँक) कापून काढणारी, आली. १.२ मिलिमीटरचा पत्रा, छोटा ब्रॅकेट. तक्रार अशी की ब्लँकच्या एका बाजूला बर, म्हणजे कडेला धारदार कुसळ, येतेय. मला वाटलं, धार गेली. मी डाय काढली, सरफेस ग्राइंडरवर वरून घासून धार आणली, परत जोडली. बर तशीच. परत घासली. तिसऱ्यांदा घासायला निघालो तेव्हा आमचे फोरमन काका आले. ते काही बोलले नाहीत. एक ब्लँक उचलून माझ्या हातात दिला, भिंग दिलं आणि म्हणाले, "कड वाच."

कापलेल्या पत्र्याच्या कडेला चार पट्टे असतात. वर किंचित गोलाई, मग एक चकचकीत पट्टा, त्याखाली खडबडीत तुटलेला भाग आणि शेवटी बर. पंच पत्र्यात घुसतो तेवढा भाग कापला जातो, तो चकचकीत. पुढचा भाग कापला जात नाही, तो तुटतो. मी त्या ब्लँकची कड सगळीकडून फिरवून पाहिली. एका बाजूला चकचकीत पट्टा रुंद होता. समोरच्या बाजूला अरुंद, आणि बर तिकडेच. धार गेली असती तर बर सगळीकडून आली असती. एकाच बाजूला आली, याचा अर्थ पंच डायच्या मधोमध उतरत नव्हता. एका बाजूने फट कमी, दुसऱ्या बाजूने जास्त. उघडून मोजलं तर पंच प्लेट ०.०४ मिलिमीटरने सरकलेली निघाली, कारण मागच्या दुरुस्तीत कुणीतरी डॉवेल (प्लेट जागेवर धरणारी पिन) नीट बसवलं नव्हतं. प्रत्येक बाजूला ०.०७ फट हवी होती. तिथे एकीकडे ०.०३ आणि दुसरीकडे ०.११ झाली होती. मी मात्र दोनदा घासून त्या डायचं आयुष्य फुकट कमी केलं होतं.

ही गोष्ट मला कुठल्या वर्गात नीट कळली नसती. आयटीआयच्या पुस्तकात कडेचे ते चार पट्टे आकृती काढून दाखवलेले होते, मी परीक्षेत काढलेही होते. पण बिघडलेला ब्लँक, बिघडलेली डाय आणि ज्याने चूक केली तो मी, हे तिन्ही एका टेबलाशी आले तेव्हा ते डोक्यात बसलं. छोट्या टूलरूमचा मोठा फायदा हाच. तिथे डायचं ड्रॉइंग येतं, स्टील कापलं जातं, मशिनिंग होतं, हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, बाहेर जातं, परत येतं, जुळणी होते, ट्रायल होते, आणि ग्राहक तक्रार घेऊन आला की तीच डाय परत त्याच बेंचवर येते. तुझी चूक तुझ्याकडेच परत येते. मोठ्या ठिकाणी ती दुसऱ्या विभागात, दुसऱ्या शिफ्टमध्ये, दुसऱ्याच माणसाकडे जाते.

पण प्रत्येक छोटी टूलरूम अशी नसते, हेही तितकंच खरं. मी स्वतः पहिले आठ महिने एका ठिकाणी फक्त ड्रिल आणि टॅप मारले. सकाळी प्लेट यायची, त्यावर सेंटर पंच मारलेले असायचे, मी भोकं पाडायचो. कशाची प्लेट, कुठे बसणार, भोक तिथेच का, कुणी सांगत नव्हतं आणि विचारलं तर मालकाला आवडत नव्हतं. ते आठ महिने वाया गेले असं म्हणणार नाही, टॅप न मोडता मारणं ही पण कला आहे. पण ती आठ आठवड्यांत शिकता आली असती. म्हणून भोसरीला जाशील तेव्हा नुसती मुलाखत देऊन येऊ नकोस, शॉप फिरून बघायला माग. नाही म्हणाले तर ती पहिली खूण.

फिरताना काय बघायचं? सरफेस प्लेट झाकलेली आहे का, की तिच्यावर चहाचे ग्लास आणि हातोडी ठेवलेली आहे. ग्रॅनाइटची असो की बिडाची, ती प्लेट म्हणजे शॉपमधला मापाचा पाया. तिच्यावर काहीही ठेवणाऱ्या ठिकाणी मापाची किंमत कुणाला नाही. मायक्रोमीटर आणि स्लिप गेज कुणाच्या ताब्यात आहेत, कॅलिब्रेशनचे स्टिकर आहेत का. स्वतःची ट्रायल प्रेस आहे का, की डाय बनवून सरळ ग्राहकाकडे पाठवतात. प्रेस नसेल तर तुला ट्रायल कधीच दिसणार नाही, आणि ट्रायल न पाहिलेला टूलमेकर अर्धाच राहतो. एखादा पन्नाशीचा जुना कारागीर बेंचवर आहे का, आणि ट्रेनी त्याच्या शेजारी उभे आहेत की लांब कोपऱ्यात? शेवटचं, मालकाला किंवा फोरमनला विचार की पहिल्या वर्षात मला किती मशिनांवर फिरवाल. ठरलेलं उत्तर नसलं तरी चालेल, पण तो प्रश्न ऐकून माणूस वैतागतो का ते बघ.

आता सीएनसीचं. "हाताचं काम संपलं" हे मी १९९० च्या दशकाच्या शेवटापासून ऐकतोय. काही अंशी खरं आहे. मी शिकलो तेव्हा डायचं भोक बँडसॉने कापून, कानशीने घासून, प्रशियन ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून पंचाशी जुळवायचो. आज ते वायरकटवर, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशिनवर, होतं, आणि माझ्या हातापेक्षा अचूक होतं. कानशीने डाय बनवायचा जमाना गेला, त्याचं मला दुःख नाही. पण वायरकटला पाव मिलिमीटरची पितळी तार कुठून फिरवायची हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला डाय कळावी लागते.

एक साधं उदाहरण घे. २ मिलिमीटरचा साधा पत्रा, त्यातून ४० मिलिमीटर व्यासाची चकती हवी. प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे ६ टक्के फट धरली, म्हणजे ०.१२. आता डाय ४० ची कापायची की पंच? चकती हवी असेल तर तिचं माप डायवरून येतं, म्हणून डाय ४०.०० आणि पंच ३९.७६. पण त्याच पत्र्यात ४० चं भोक हवं असेल तर उलट. भोकाचं माप पंचावरून येतं, म्हणून पंच ४०.०० आणि डाय ४०.२४. मशिनला हे माहीत नसतं. ते सांगितलेल्या रेषेवर हजारांश मिलिमीटरपर्यंत चोख चुकीचं कापून देईल. फट किती धरायची, तेही धातूनुसार बदलतं. साध्या स्टीलला साधारण ५ ते १० टक्क्यांत, स्टेनलेसला थोडी जास्त. आणि ही चकती कापायला किती टनांची प्रेस लागेल? परीघ १२५.७, गुणिले जाडी २, गुणिले धातूची कातर-ताकद. दर चौरस मिलिमीटरला ३५० न्यूटन धरले तर ८८,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ९ टन. त्यावर स्ट्रिपिंगचा (पंचावर अडकलेला पत्रा सोडवायचा) जोर आणि थोडी सुरक्षित सूट धरून प्रेस ठरते. एवढं गणित तुला बेंचवर उभ्या उभ्या करता आलं पाहिजे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. समज, डी-२ या टूल स्टीलचा डाय ब्लॉक आहे. हार्डनिंग झाल्यावर तो ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप) होतो, मग त्यात साधं ड्रिल चालत नाही. म्हणून स्क्रूची भोकं, डॉवेलची भोकं आणि वायरकटची तार ओवायचं सुरुवातीचं भोक, सगळं हार्डनिंगच्या आधी. डॉवेलला थोडं मटेरियल ठेवून, कारण हार्डनिंगमध्ये ब्लॉक किंचित हलतो. मोठं कटआउट असेल तर तेही आधी रफ काढून ठेवायचं. नाहीतर कडक ब्लॉक वायरकटवर कापताना आतला ताण मोकळा होतो आणि ब्लॉक उघडतो. हा क्रम एकदा चुकला की ब्लॉक भंगारात, आणि डी-२ स्वस्त नाही. सीएनसीच्या कोर्समध्ये जी-कोड (मशिनला द्यायच्या सूचना) शिकवतात, सॉफ्टवेअर शिकवतात. हा क्रम मात्र शॉपमध्येच कळतो.

म्हणून माझं मत असं की सीएनसी शीक, पण वर्ष-दीड वर्ष बेंच, ग्राइंडिंग आणि जुळणी झाल्यावर. तेव्हा तुला कळलेलं असेल की आपण मशिनला काय सांगतोय. उलट क्रमाने गेलेली मुलं मी बघितली आहेत. सहा महिन्यांचा कोर्स करून व्हीएमसी या सीएनसी मशिनवर ऑपरेटर म्हणून लागली, पाच वर्षांनीही जॉब लोड आणि अनलोड करताहेत. ज्याला डाय कळते आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो, त्याला मात्र टूलरूम सहजासहजी सोडत नाही. कोर्स करशील तेव्हा फलकबाज क्लासपेक्षा खरी मशिनं असलेली संस्था बघ. संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. टूल अँड डायचा मोठा डिप्लोमा तिथे दहावीनंतर असतो, पण कॅड-कॅम आणि सीएनसीचे छोटे अभ्यासक्रमही असतात. आणि पुढे शिकायचं मनात असेल तर तुझ्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, ती बंद झाली असं समजू नकोस.

प्रेस टूल की मोल्ड, असं पुढे कुणी विचारेल. तुझा ट्रेड प्रेस टूलचा आहे आणि पुणे-चाकण पट्ट्यात गाड्यांमुळे ते काम भरपूर आहे, त्यामुळे तिथूनच सुरू कर. मोल्डचं विचारविश्व वेगळं आहे. तिथे प्लास्टिक थंड होताना आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन त्याच्या कितीतरी जास्त, आणि ते धरूनच पोकळी कापावी लागते. पाणी कुठून फिरवायचं, हवा कुठून निघणार, पॉलिश कुठल्या दिशेने, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. एक नीट आलं की दुसरं अवघड जात नाही. दोन्ही एकदम धरू नकोस.

मापाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवी मुलं इथेच फसतात आणि मीही फसलो होतो. ८० मिलिमीटर लांबीचा एक इन्सर्ट मी सरफेस ग्राइंडरवर कूलंटशिवाय घासत होतो. मॅग्नेटिक चकवरून काढला, लगेच मायक्रोमीटर लावला, बरोबर माप आलं. खूश होऊन ठेवून दिला. सकाळी बसवायला घेतला तर डगमगतोय. माप घेतलं तर १४ मायक्रॉन (हजारांश मिलिमीटर) कमी. स्टीलची लांबी दर मीटरला दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढते. इन्सर्ट खोलीपेक्षा १५ अंश गरम होता, गणित बरोबर तितकंच येतं. जगभर माप २० अंश सेल्सियसला धरतात ते याचसाठी. तेव्हापासून घासलेला जॉब सरफेस प्लेटवर ठेवून, हात धुऊन, मगच मोजायचा अशी सवय लावून घेतली, आणि माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला हे पहिल्या आठवड्यात सांगतो. व्हर्नियरवर ०.०२ दिसतं म्हणून तेवढं मोजता येतं असं नाही. जबड्याला किती दाबलं, कड वाकडी धरली का, बर काढली होती का, यात त्याहून जास्त फरक पडतो.

याच्या जोडीला थोडं त्रिकोणमिती पक्कं कर. १०० मिलिमीटरच्या साइन बारवर (कोन लावायची पट्टी) ३० अंश लावायचे तर खाली ५० चा स्लिप गेज, हे तोंडपाठ असणं पुरेसं नाही. १७ अंश २० मिनिटं आले तर कॅल्क्युलेटर घेऊन काढता आलं पाहिजे. संध्याकाळी खोलीवर अर्धा तास, दोन महिने. एवढ्यात बसतं.

आणि एक वही ठेव. मोबाइल नको, वही. प्रत्येक डायचं एक पान: कुठला पत्रा, किती जाडी, किती फट दिली, ट्रायलला काय दुरुस्त केलं, किती स्ट्रोकनंतर धार लावायला आली. ग्राहकाची ड्रॉइंग किंवा फोटो मात्र कधी बाहेर नेऊ नकोस. ते त्यांचं आहे, आणि या धंद्यात एकदा गेलेला विश्वास परत मिळत नाही. तुझी निरीक्षणं तुझी आहेत. माझ्या अशा अकरा वह्या आहेत, अजूनही एखादी अडलेली डाय आली की मी आधी त्या चाळतो.

आता ज्याच्यासाठी ईएसआयसीचं विचारायला सांगितलं ते. या पट्ट्यात प्रेसवर बोटं गमावलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यात एक माझ्याच बॅचचा होता. ट्रायलच्या वेळी घाई असते, ग्राहक उभा असतो, आणि कुणीतरी म्हणतं सेन्सर बंद कर, एकच स्ट्रोक मारायचा आहे. तेव्हा नाही म्हण. डायमध्ये हात घालायच्या आधी प्रेस बंद, फ्लायव्हील थांबलेलं आणि रॅमखाली (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) सेफ्टी ब्लॉक लावलेला, हे तिन्ही झाल्याशिवाय हात आत जाणार नाही असं स्वतःशी ठरव. दोन्ही हातांनी दाबायचं बटण असेल तर त्यातलं एक टेपने चिकटवलेलं दिसलं, तर त्या प्रेसवर उभा राहू नकोस, आणि शॉप बघायला गेलास तेव्हाच असं दिसलं तर ती नोकरीच घेऊ नकोस. ग्राइंडिंगचा नवा दगड लावण्याआधी टांगून हलकं ठोकून त्याचा नाद ऐकायचा, बद्द आवाज आला तर लावायचा नाही. कुणी नव्या मुलाला हे सांगायला वेळ नाही म्हणत असेल, तर तिथे तुझ्या बोटांसाठीही वेळ नाही.

थोडक्यात तुझ्या दोन जागांबद्दल: चाकणला डाय मेंटेनन्समध्ये आणि नोंदलेली अप्रेंटिसशिप असेल तर चाकण. लाइनच असेल आणि घरचं कर्ज डोक्यावर नसेल तर भोसरी, पण शॉप फिरून बघितल्यावरच. कर्ज असेल तर चाकणचं एक वर्ष कर, सुट्टीच्या दिवशी वही आणि त्रिकोणमिती चालू ठेव, आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र घेऊन टूलरूम शोध. सीएनसी या दोन्ही वाटांवर नंतर येतंच. घरच्यांना हे समजावताना पगाराच्या आकड्यावरून वाद घालू नकोस. वडिलांना एकदा सोबत ने आणि टूलरूम दाखव. शेतकऱ्याला अवजार कळतं. माझे वडीलही शेतीच करायचे. मी घरी नेलेला एक जुना पंच त्यांनी हातात घेऊन धारेवरून अंगठा फिरवला होता, त्यानंतर त्यांनी नोकरीबद्दल कधी विचारलं नाही.

भोसरीला जाशील तेव्हा आयटीआयमध्ये बनवलेला तुझा मेल-फिमेल जॉब, म्हणजे एकात एक बसणारे ते दोन तुकडे, सोबत घेऊन जा. सर्टिफिकेटच्या आधी तो फोरमनच्या समोर ठेव आणि विचार की यात काय चुकलंय. नुसती नजर टाकून "ठीक आहे" म्हणाला तर एक. उजेडाकडे धरून फटीतून प्रकाश कुठून येतो ते तुला दाखवायला लागला, तर पगाराची बोलणी सुरू कर.